कुंभार पिंपळगावी बॅलेच्या जोड्यांचा सत्कार

परत येऊन आठ-नऊ महिने झाले, तरी भेटेल तो एकच विचारतो, "काय हो, ते रशियन लोक नाचले कसे?" नाचले, छान नाचले. पण त्यांना नाचायला मिळावं म्हणून मला काय काय नाचावं लागलं, ते कुणी विचारत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते. ज्यांनी जालना जिल्हा पाहिलेला नाही त्यांनी वाचावं, आणि ज्यांना पुढेमागे परदेशी पाहुणे घेऊन तिकडे जायचं असेल त्यांनी वहीत उतरवून ठेवावं.

मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना रशियन शिकवते. त्या हिवाळ्यात, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, सोव्हिएत कलावंतांचे ताफे आपल्याकडे हिंडत होते. मोठा ताफा मोठ्या शहरांत गेला. व्होल्गाकाठच्या एका नाट्यगृहातले सहा जण तेवढे जिल्ह्याच्या गावांसाठी वेगळे काढले होते: पाच नाचणारे, आणि टेपरेकॉर्डर सांभाळणारे एक आजोबा. त्यांना दुभाषी हवी होती. मी मूळची परभणीची. "तुम्ही तिकडच्याच की," असं म्हणून ही घंटा माझ्या गळ्यात बांधली गेली. परभणी सोडून मला तीस वर्षं झाली हे सांगायला गेले, पण ऐकतो कोण!

जालना, मस्तगड

आमचे यजमान रंगनाथराव. घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावचे. चार पिढ्यांची शेती तिकडे, आणि इकडे मस्तगडात बी-बियाण्याचं दुकान. आवाज असा की माईकची गरज नाही, तरी माईक सोडत नाहीत. माणूस सोन्यासारखा आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून गैरसमज व्हायचा.

ताफ्यातली मुख्य बाई व्हेरा. वय अडतीस, अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे या वयाला नाचणाऱ्यांना पेन्शनीत काढतात. तिच्या नाट्यगृहाच्या शाळेत शिक्षिकेची एक जागा रिकामी होती आणि तिच्यावर दोघींचा डोळा होता. संचालकांनी सांगून ठेवलेलं, दौऱ्यातला एकही कार्यक्रम न चुकवता जी परत येईल तिला जागा. दुसरी मोठ्या ताफ्याबरोबर मोठ्या शहरांतल्या गुळगुळीत स्टेजांवर नाचत होती. ही माझ्याबरोबर जालन्यात. एक जरी कार्यक्रम चुकला तर हिच्या नशिबी कपडेपटाचं कोठार सांभाळणं होतं, मुलींना शिकवणं नव्हे. हे तिनं मला गाडीत सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. आणि तिची उजव्या टाचेची शीर आधीच दुखरी होती.

तिच्या मागण्या दोनच. एक, खाली लाकडाची जमीन हवी, थोडी लवणारी. दुसरी अशी, की नाचणाऱ्याला तासभर हालचाल करून अंग तापवावं लागतं, आणि तापलं की लगेच स्टेजवर जावं लागतं. मध्ये पंधरा मिनिटं जरी उभं राहिलं तरी अंग निवतं, आणि निवलेल्या अंगानं उडी मारली की शीर गेलीच म्हणून समजा. मी हे शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. रंगनाथरावांनी मान डोलावली. "बिलकुल. काळजी करू नका म्याडम, समदं बराबर हुईल." मी मराठवाड्यात जन्मले आहे. हे वाक्य ऐकलं की मी काळजी करायला लागते.

त्यातच कळलं की त्यांच्या नाचाच्या जोड्यांची पेटी चुकून मोठ्या ताफ्याच्या सामानात गेली. व्हेराकडे हातबॅगेतले दोनच जोड उरले. ज्यांनी हे जोडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: वरून गुलाबी साटीन, आणि बोटांपुढे टणक टोपण, ज्याच्यावर ही बाई सगळा देह तोलून उभी राहते. नवा जोड पायाला बसवायला दिवस लागतात. ती तो वाकवते, ठोकते, टोकावर दोऱ्यानं टाके घालते. जालन्याच्या पलंगावर बसून ती टाके घालत होती तेव्हा मला माझी गोधडी शिवणारी आत्या आठवली.

शिवाय पाय घसरू नये म्हणून राळेची पूड लागते, तीही पेटीबरोबर गेलेली. ती मिळवायला मी मस्तगडात चार दुकानं हिंडले. दुकानदार विचारी, धुपासाठी का सोनारकामासाठी? मी म्हटलं, नाचासाठी. चौथ्यानं पुडी बांधली आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही. जालन्यात मला भेटलेला हा एकमेव समजूतदार माणूस.

जालना, कार्यक्रमाची संध्याकाळ

कार्यक्रम सहाला, म्हणून चारला जेवण. नाचायच्या आधी हे लोक घोटभर चहा घेतात आणि सफरचंदाची फोड. ते मी सांगितलं. रंगनाथरावांच्या पत्नीला सगळे काकू म्हणतात, मीही म्हणू लागले. काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. "पाहुण्याला उपाशी नाचवायचं? पाप लागंल मला." मग पुरणपोळी, वर वाटीभर तूप, भजी, आणि आमच्याकडची येसराची आमटी, जिच्या नुसत्या वासानं मला माहेरची लग्नं आठवतात. माझंही मन द्रवलं, खोटं कशाला बोलू. व्हेरानं घास घेऊन हात जोडले. पण तिचा जोडीदार अल्योशा, जो तिला डोक्यावर उचलणार होता, त्यानं पाच पोळ्या हाणल्या आणि सहावी मागितली.

स्टेजवर शहाबादी फरशी होती, खाली सिमेंट. व्हेरानं वाकून बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. वर प्लायवूडचे तक्ते टाकून खिळे मारले होते, काही खिळ्यांची डोकी वर तशीच. पाच वाजता सगळ्यांनी अंग तापवायला सुरुवात केली. सहाला अंगं तापली. आणि सहाला सत्कार सुरू झाला.

पुण्यातही सत्कार होतात, नाही असं नाही. पण पुण्यात माणूस दुसऱ्याला हार घालताना जरा जिवावर आल्यासारखं करतो, त्यामुळे लवकर आटपतं. जालन्यात मनापासून घालतात. प्रत्येक पाहुण्याला शाल, श्रीफळ, फेटा आणि हार, आणि तोही एका संस्थेतर्फे नव्हे. हारांची संख्या मोजायचं मी लवकरच सोडून दिलं. व्हेरानं अर्धा तास खर्चून घट्ट बांधलेल्या अंबाड्यावर फेटा चढला. हार नाकापर्यंत आले. त्यांच्या आड ती बिचारी अंग निवू नये म्हणून चवड्यांवर वर-खाली करत होती. लोकांना वाटलं नाच सुरू झाला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कुणीतरी स्टेजच्या कोपऱ्यात नारळ फोडला आणि पाणी प्लायवूडवरून वाहत गेलं.

आता माझं भाषण. रशियन बॅलेच्या कंपन्या देशोदेशी कशा फिरल्या, त्यांनी मागे काय ठेवलं, यावर मी पुण्यात तीन आठवडे खपून कागद तयार केले होते. रंगनाथराव कानाशी येऊन म्हणाले, "म्याडम, टाइम झाला. दोन शब्दांत." आधीच्या वक्त्यांनी मिळून दीड तास खाल्ला होता, त्यातले एक तर ठिबक सिंचनावर बोलले. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. मी चार वाक्यं बोलून दात-ओठ खात खाली बसले.

व्हेरा निवलेल्या अंगानं नाचली. अल्योशानं तिला उचललं ते खांद्यापर्यंतच, पुढे पुरणपोळी आड आली. तिसऱ्या नाचात तिचा पाय नारळाच्या पाण्यावरून सटकला. ती पडली नाही, पण टाचेवर उतरली, आणि खिळ्यानं जोडाचं साटीन टरकलं. लोक खूश होते. आत आल्यावर तिनं मोजा खाली केला. टाच टम्म सुजलेली. दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम दोन दिवसांनी कुंभार पिंपळगावात होता, आणि उरला होता एकच जोड.

कुंभार पिंपळगाव

रस्त्यानं दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसं दुधात आलेली. रंगनाथरावांच्या शेतात हुरडा भाजला होता. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजून, हातावर चोळून, लसणाची चटणी आणि दही. सुजलेला पाय बाजेवर ठेवून व्हेरानं पसापसा हुरडा खाल्ला आणि तळहात हुंगत बसली. इथं अर्धा तास मी कुणावरही चिडले नाही.

मग शाळेपुढचा ओटा पाहिला. सिमेंटचा, दगडासारखा. व्हेरानं पेरांनी ठोकलं, दोनदा, आणि ओट्याच्या कडेला बसली. म्हणाली, यावर मला नाचता येणार नाही. जरा वेळानं म्हणाली, पण नाचावं लागेल. मी रंगनाथरावांना सांगितलं. ते म्हणाले, जाजम टाकू, वर गालिचा अंथरू, हाये काय न्हाई काय. मी म्हटलं, अहो, दगडावर गालिचा टाकला तर दगडाचा कापूस होतो का? ते म्हणाले, मंग गाद्या टाकू. मी कपाळाला हात लावला.

शाळेचा फळा दुरुस्त करायला गावातला किसन सुतार आला होता, पन्नाशीचा, अंगावर भुसा. बैलगाड्या करणं हे त्याचं घरचं काम. तो आमची बाचाबाची ऐकत होता. तो आला, व्हेराच्या शेजारी बसला आणि तिनं ठोकलं होतं तिथंच पेरांनी ठोकलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं शेजारी पडलेल्या बैलगाडीच्या साटीवर, म्हणजे तळाच्या फळ्यांवर, ठोकलं. तिनं मान डोलावली.

"गाडीची साटी लवली न्हाई तर बैलाच्या मानंला गळू येतं," किसन मला म्हणाला. "हिचंबी तसंच हाये. खालून पोकळ पाह्यजे, मंग दम खातं."

मी हे रशियनमध्ये सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, कळलं.

पोकळ कशानं करायचं? रंगनाथरावांच्या गावातल्या बियाण्याच्या गोदामात पोत्यांना ओल लागू नये म्हणून खाली लाकडी चौकटी टाकलेल्या असतात. त्या किसननं मागितल्या. वर घालायला फळ्या गावात एकाच ठिकाणी होत्या, एका घराच्या माडीसाठी कापून ठेवलेल्या, सागवानी. त्या मागायला रंगनाथराव गेले आणि त्या आवाजापुढे घरमालक दोन मिनिटंही टिकला नाही. माणसाचा दोष कुठं कामाला येईल सांगता येत नाही. दुपारभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किसन रंधा मारत होता, प्रत्येक खिळ्याचं डोकं आत बसवत होता. व्हेरा दर अर्ध्या तासानं येऊन दुखऱ्या पायानं दाबून पाहायची. तो तिच्या तोंडाकडे बघायचा आणि एखादी चौकट इकडची तिकडे करायचा. पगारी दुभाषी मी, आणि मला कुणी विचारेना.

बाजाराचा दिवस

कार्यक्रम दुपारी चारला ठेवला होता, कारण विजेचा भरवसा नव्हता आणि बाजाराला आलेली माणसं उजेडात घरी जाणार. टेपरेकॉर्डर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावला. जमीन झाली होती. आता माझ्यापुढे डोंगर एकच होता, सत्काराचा.

सकाळीच मी रंगनाथरावांना गाठलं. म्हटलं, हार-तुरे नाच झाल्यावर. ते म्हणाले, म्हणजे वरातीमागून घोडं. म्हटलं, पाय गेला तर त्या बाईची नोकरी जाईल. ते खरोखर कळवळले, पण हटेनात. पाहुण्याचा मान केल्याशिवाय त्याच्याकडून काम करून घेणं म्हणजे त्याला मजूर समजणं, आणि हे माझ्या गावात झालं तर मी तोंड कुठं दाखवू, असं त्यांचं म्हणणं. चिडचिड अशी की त्यांचं पटतही होतं. आमचा आवाज चढला. कधी नव्हे ते मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

किसन खालमानेनं रंध्याला धार लावत होता. तो म्हणाला, "खंडेनवमीला माझ्या पटाशीला, रंध्याला हळदीकुंकू लागतं, फुलं पडतात. मी बाजूला बसतो. मान माझाच असतो ना? तिच्या अवजाराचा करा. ती तवर तिचं काम करंल."

मला हे एकदम पटलं. जोडे पाटावर ठेवायचे, सत्कार त्यांचा, आणि तेवढ्या वेळात शाळेच्या वर्गात मंडळी अंग तापवतील. रंगनाथरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "जोड्यांना हार? म्याडम, लोक मला जोड्यांचा हार घालतील."

"ते जोडे न्हाईत," किसन म्हणाला. "ते पायात घालून कोन बाजाराला जातं? अवजार हाये."

रंगनाथरावांनी काकूंना हाक मारून चंदनाचा पाट काढायला सांगितला.

व्हेराकडून तो एकुलता एक जोड मी स्वतः मागून घेतला. तिनं दिला, पण म्हणाली, कुणी हात लावायचा नाही. मी बाहेर येऊन बजावून सांगितलं: कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वर्गाच्या दाराशी पहारा द्यायला गेले, कारण पोरंसोरं खिडकीला लटकली होती आणि आत व्हेरा खिडकीचे गज धरून पाय तापवत होती. बाहेर रंगनाथरावांचं भाषण चाललेलं. माझ्यासारखी हुशार मीच, असं वाटून मी दाराला टेकून उभी राहिले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. बाहेर आले तेव्हा पाटावरचे जोडे पाण्यानं निथळत होते. काकूंनी तांब्यातलं पाणी फुलानं शिंपडलं होतं, हळदीकुंकू वाहिलं होतं, आणि रंगनाथरावांनी पाटासमोर फोडलेल्या नारळाचं पाणीही त्यांच्यावर ओतलं होतं. मी किंचाळले. काकू घाबरून म्हणाल्या, "आवो, हात कुठं लावला? वरूनच शिंपडलं."

त्यांचं बरोबर होतं. पाण्याचं मी सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. जोडाचं ते टणक टोपण लाकडाचं नसतं. कापड आणि खळीचे थर असतात. पाणी लागलं की भिजलेल्या पापडासारखं होतं. व्हेरा बाहेर आली, तिनं अंगठ्यानं टोक दाबलं आणि ते आत गेलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, किती वेळ आहे? मला माझी इतकी लाज वाटली की रशियन शब्द आठवेना. तीन दिवस मी या लोकांना नावं ठेवत होते, आणि तिची नोकरी बुडवली मी.

किसननं जोड उचलला, दाबला, वास घेतला. "आत खळ हाये का?" मी हो म्हटलं. तो घरी पळाला आणि एक बाटली घेऊन आला. पलंगा-पाटांना पॉलिश करायला लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवतात ती. व्हेरानं बूच काढून हुंगलं आणि त्या चार दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, आमच्या रंगपटाला हाच वास येतो. मऊ पडलेल्या जोड्यांना त्यांच्याकडेही लाखच लावतात. दोघांनी मिळून फडक्यानं टोपणाच्या आतून लाख माखली. मी म्हटलं चुलीजवळ वाळवू. किसन माझ्यावर खेकसला, स्पिरिट आहे, पेट घेईल. काकूंनी कुणाला न विचारता सूप आणलं, उन्हात बसल्या आणि वारा घालायला लागल्या. किसन म्हणाला, पाऊण तास लागंल. व्हेरा पुन्हा गज धरून पाय तापवायला वर्गात गेली.

मी धावत ओट्याकडे गेले. रंगनाथरावांना म्हणणार होते, भाषण वाढवा, तुम्हाला काय बोलायचं ते बोला. पण ते घाम पुसत खाली बसत होते. पाहुणे जोडे असल्यामुळे उत्तराचं भाषण नव्हतं, आणि त्यांनी माझ्या भीतीनं सगळे वक्ते कापून टाकले होते. मराठवाड्याच्या इतिहासात सत्कार पहिल्यांदा वेळेआधी संपला होता, आणि तो आजच. माईक माझ्या हातात देत ते मोठ्या मनानं म्हणाले, "म्याडम, दोन शब्द."

मी पाऊण तास बोलले.

कागद जालन्यात राहिले होते. समोर बाजार उठून आलेली माणसं, मेथीच्या जुड्या, बांधलेल्या शेळ्या. मी सांगितलं की हा नाच मुळात रशियाचा नव्हेच. तिकडच्या राजांनी परदेशातून मास्तर आणले, आणि त्यांच्याकडून शिकून रशियन लोक मास्तरांच्या पुढे गेले. मग या शतकाच्या सुरुवातीला एका हिकमती माणसानं नाचणारे गोळा करून पॅरिसला नेले आणि पॅरिसवाले खुर्च्यांवरून उठले. ती कंपनी वर्षानुवर्षं फिरत राहिली. मध्येच रशियात क्रांती झाली, पुष्कळांना घरी परतता येईना. पुढे तो मालक वारला.

"फड फुटला असंल," पुढे बसलेले एक आजोबा म्हणाले.

तीन आठवडे खपून मला इतकं नेमकं वाक्य सुचलं नव्हतं. म्हटलं, हो आजोबा, फड फुटला. कुणी लंडनला राहिलं, कुणी अमेरिकेत, कुणी पार ऑस्ट्रेलियात. फुटलेल्या फडातला माणूस काय करतो? एका बाईनं उत्तर दिलं, जिथं राह्यला तिथल्या पोरांना शिकवतो. तेच झालं, मी म्हटलं. एकेका खोलीत एकेक मास्तर, भिंतीला एक दांडा, आणि समोर त्या गावच्या मुली. आज तिकडे ज्या मोठाल्या कंपन्या आहेत त्यांची मुळं त्या खोल्यांत आहेत. एक फार नावाजलेली नर्तकी आपल्याकडेही येऊन गेली, आणि तुमचे स्वतःचे नाच कुठं आहेत, ते दाखवा, असं विचारत हिंडली. त्यानंतर आपल्याकडच्याही काहीजणांना आपल्या नाचांकडे वळून बघावंसं वाटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडन-अमेरिकेतल्या सरकारांचं रशियाच्या सरकारशी पटत नव्हतं, तरी रशियन कंपनी आली की तिथले लोक थंडीत तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे. आणि आता तुमच्यापुढे जी नाचणार आहे, तिची गुरू त्याच फडातून घरी परतलेल्या एकाच्या हाताखाली शिकली होती. तिलाही पुढे मुलींना शिकवायचं आहे. ते आजच्या नाचावर आहे.

हे शेवटचं मी सांगायला नको होतं. तोंडातून गेलं.

मागून किसननं हात वर केला. मी माईक सोडला.

व्हेरा आली. तिचा एकटीचा नाच साडेतीन मिनिटांचा. तोकड्या कपड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एवढंच, काकू पुटपुटल्या, थंडी वाजत असंल लेकराला. ती चवड्यांच्या टोकावर चढली तेव्हा मी डोळे मिटले. फळ्यांचा दबका, मऊ आवाज येत होता. डोळे उघडले तर ती वरच होती, आणि उजव्या जोडाच्या टोकावर कुंकवाचा डाग होता. किसन ओट्याच्या कडेला उकिडवा बसला होता. तो नाच बघत नव्हता, फळ्या बघत होता. शेवटची उडी घेऊन ती उतरली आणि उभी राहिली, दोन्ही पायांवर, सरळ. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला, कारण चष्मा पुसेपर्यंत तिनं वाकून केलेला नमस्कार हुकला.

किसनला मी म्हटलं, जिंकलंत तुम्ही. तो नाराज होता. म्हणाला, "तिसरी फळी बोल्ली. दोनदा."

आणि मग रंगनाथरावांनी माईक हातात घेतला आणि सगळ्यांचे हार-तुरे, शाल, श्रीफळ पहिल्यापासून केलं. किसनलाही फेटा बांधला. काकूंनी व्हेराची ओटी भरली, त्यात कुंकवाची डबी. तक्रार करायचा मला हक्कच राहिला नव्हता.

पुणे

व्हेराचं पत्र परवा आलं. जागा मिळाली, गुळगुळीत स्टेजांवरच्या दुसरीचा एक कार्यक्रम चुकला होता. तिकडे शाळा सप्टेंबरात सुरू होते. पहिल्या दिवशी तिनं मुलींचे नवे जोडे एका फळीवर ओळीनं मांडले आणि प्रत्येकाच्या टोकावर बोटानं लाल टिकली लावली. मुख्याध्यापिकेनं विचारलं, ही आपल्याकडची पद्धत नाही, कुठून आली? ती म्हणाली, दौऱ्यातून. पाणी चालत नाही हे मुलींना बजावलं आहे, असंही लिहिलंय. डबी संपत आली, दर वर्षी लावायला पुरेल इतकं कुंकू पाठव, आणि त्या सुताराला सांग की इथल्या जमिनीतही एक फळी बोलते.

किसनला कार्ड टाकलं आणि पार्सल घेऊन पोस्टात गेले. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, आत काय? म्हटलं, कुंकू. परदेशात कुणाला? म्हटलं, जोड्यांना. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, बाई, दोन शब्दांत नीट सांगा.

मी सांगायला सुरुवात केली, अगदी नमनापासून. मागची रांग पार दारापर्यंत गेली होती.